कोकण किनाऱ्याने पहिली रोड ट्रिप: खाड्या आणि भरती-ओहोटी बघून प्लॅन कसा करायचा

"आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जाणार आहोत, दोन दिवसांत होईल ना?" हा प्रश्न दर दिवाळीच्या आधी कुणीतरी विचारतंच. नाही होणार. म्हणजे गोव्याला पोचाल हो, पण मग तो किनारा बघितला असं म्हणू नका, कारण त्यासाठी तुम्हाला मुंबई-गोवा हायवेच धरावा लागेल आणि हायवे समुद्रापासून बराच आत आहे, त्यावरून समुद्र दिसतच नाही. किनाऱ्याचा जो रस्ता आहे, रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग, तो नकाशावर एक लांब रेघ दिसतो, पण जागेवर तो तुकड्यातुकड्यांत आहे. मध्ये खाड्या येतात, काहींवर पूल आहे, काहींवर फेरीबोट आहे, आणि रस्ता कुठे मस्त डांबरी दोन गाड्यांचा तर कुठे एकच एसटी जाईल एवढा.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी किलोमीटर मोजत बसू नका. खाड्या मोजा आणि तिथी बघा. बाकी प्लॅन आपोआप बसतो.

सगळ्यात आधी: एक तुकडा निवडा

अख्खा किनारा एका दमात करायचा मोह टाळा. मी साधारण असे भाग पाडते: अलिबाग ते मुरुड-जंजिरा हा मुंबईकरांचा वीकेंडचा भाग, गर्दीचा. मग दिवेआगर-श्रीवर्धन-हरिहरेश्वर. मग खाडीपलीकडे वेळास-केळशी-आंजर्ले-हर्णै-मुरुड-कर्दे-लाडघर, म्हणजे मंडणगड आणि दापोली तालुका. पुढे गुहागर-वेळणेश्वर-हेदवी, मग मालगुंड-गणपतीपुळे-रत्नागिरी. रत्नागिरीच्या खाली पावस-पूर्णगड-कशेळी-आंबोळगड, आणि शेवटी विजयदुर्गपासून रेडीपर्यंत सिंधुदुर्ग.

चार रात्री हातात असतील तर यातले तीन-चार लागून असलेले भाग होतात. दोनच रात्री असतील तर एकच भाग घ्या आणि एकाच गावात मुक्काम करा, खरंच सांगते, रोज बॅगा भरून गाडीत टाकणं हा समुद्राच्या सहलीचा सगळ्यात वाईट भाग आहे.

दिवसाला किती अंतर ठेवायचं? किनाऱ्याच्या रस्त्यावर सरासरी ताशी पंचवीस-तीस किलोमीटर धरा. घाट नसला तरी चढ-उतार सतत, गावागावातून रस्ता, वळणावर वळण. ऐंशी-नव्वद किलोमीटर म्हणजे भरपूर झालं, त्यात एखादी फेरी आणि दोन ठिकाणी थांबणं आलं की दिवस संपतो.

महिना कुठला

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, डोळे झाकून. हवा बरी, समुद्र शांत, पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. डिसेंबरचा शेवटचा आठवडा मात्र सोडा, दर दुप्पट आणि किनाऱ्यावर गाड्याच गाड्या. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, ऑलिव्ह रिडले जातीची, ते बघायचं असेल तर प्लॅन त्याभोवती बांधा. एप्रिल-मे म्हणजे आंबे, फणस, करवंदं, पण घामाने जीव जातो आणि दुपारी अकरा ते चार किनाऱ्यावर उभं राहवत नाही, लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर एसी खोली घेतलेली बरी.

पावसाळ्यातलं कोकण सुंदर आहे यात वाद नाही, पण पहिल्या ट्रिपला नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते म्हणजे ताजी मासळी कमीच, किल्ल्यांच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद, समुद्रात उतरायचं तर नावच काढू नका, आणि घाटात दरडी. गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस हायवेवर अख्खी मुंबई गावाला निघालेली असते, तेव्हा फिरायला निघू नका, तो रस्ता त्या दिवशी गावाला जाणाऱ्यांचा आहे. शिमग्यालाही गावात पालख्या नाचतात, रस्ता अडला तर हॉर्न वाजवू नका, गाडी बाजूला लावा आणि उतरून बघा.

खाड्या आणि जंगल जेट्टी

आता मुख्य गोष्ट. रायगडपासून रत्नागिरीपर्यंत चार मोठ्या खाड्या अशा आहेत जिथे गाडी बोटीत घालून पलीकडे जायचं असतं. स्थानिक लोक हिला जंगल जेट्टी म्हणतात, काही जण नुसतं फेरी. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना: राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा ते दिघी, सावित्रीच्या म्हणजे बाणकोटच्या खाडीवर बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ ते धोपावे, आणि शास्त्रीच्या खाडीवर तवसाळ ते जयगड.

यातली एक जरी चुकवली तरी केवढा वळसा पडतो बघा. दाभोळला उभे राहिलात की पलीकडचं धोपावे समोर दिसतं, बोटीने अगदी थोडा वेळ. फेरी नसेल तर दापोली, खेड, चिपळूण करत गुहागरला यायचं, शंभर किलोमीटरच्या वर. अर्धा दिवस गेला. म्हणून रात्री मुक्काम कुठे करायचा हे ठरवताना खाडीच्या कुठल्या बाजूला आहोत हे आधी बघा, सकाळी पहिलं काम फेरी असेल तर जेट्टीच्या जवळचं गाव घ्या.

फेरीबद्दल नवीन माणसाला माहीत हव्यात अशा गोष्टी: बोटी दिवसभर चालू असतात पण रात्रभर नाही, शेवटची फेरी किती वाजता हे आदल्या दिवशी फोन करून विचारा, ऋतूप्रमाणे आणि हवेप्रमाणे बदलतं. गाडीचं तिकीट वेगळं, माणसांचं वेगळं, सुट्टे पैसे ठेवा. शनिवारी सकाळी दक्षिणेकडे जाणारी रांग आणि रविवारी दुपारी परतीची रांग मोठी, त्या वेळेला एक-दोन बोटी सुटेपर्यंत थांबायची तयारी ठेवा. गाडी आत घेताना बोटीवरचा माणूस हाताने जसं दाखवेल तसंच घ्या, आपली अक्कल चालवायची नाही, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, आणि मग उतरून कठड्यापाशी उभे रहा. खाडीचं तोंड, समोरच्या डोंगरावरची घरं, मासेमारी होड्या, कधी डोक्यावर घिरट्या घालणारी घार. गाडीत एसी लावून बसलात तर ट्रिपचा सगळ्यात चांगला तुकडा गेला.

गुगल मॅपवर विश्वास ठेवताना एक काळजी. काही वेळा तो फेरी धरूनच रस्ता दाखवतो आणि वेळ अगदीच कमी सांगतो, काही वेळा फेरी सोडून लांबून नेतो. दोन्ही रस्ते उघडून बघा. आणि गावात शिरल्यावर तो "हा शॉर्टकट" म्हणून पाखाडीवर नेऊन उभं करतो, पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, तिथे गाडी जात नाही. रस्ता बारीक होत चालला आणि दोन्ही बाजूला गडगे, म्हणजे रचलेल्या दगडांच्या बुटक्या भिंती, आले की थांबा, माणसाला विचारा. "गाडी जाते का पुढे?" एवढंच.

नावांचीही गंमत आहे. मुरुड दोन आहेत, एक जंजिऱ्याचं आणि एक दापोलीचं. वेळास दोन, एक श्रीवर्धन तालुक्यातलं आणि एक मंडणगडमधलं, कासवांचं ते मंडणगडमधलं. शिरोडा सिंधुदुर्गात आहे तसा गोव्यातही आहे. बुकिंग करताना तालुका वाचल्याशिवाय पैसे पाठवू नका.

तिथी बघून भरती-ओहोटी काढा

हे शिकलात की अर्धं काम झालं. किनाऱ्यावर कोणत्या वेळेला जायचं हे घड्याळ सांगत नाही, कॅलेंडरवरची तिथी सांगते. कोकणातल्या लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणा, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. उदाहरणार्थ चतुर्थी, चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. त्याच्या साधारण सहा तास पुढे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ, रात्री नऊ. अष्टमीला सहा वाजता भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास भरती, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमाराला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, तेवढं धरून चाला, मोबाइलवर भरतीचं वेळापत्रकही मिळतं, पण रेंज नसताना हा हिशोबच उपयोगी पडतो.

याचा फायदा काय ते सांगते. तुम्हाला सूर्यास्ताला लांबच लांब ओली वाळू हवी असेल, मुलांना पळायला, तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचा वीकेंड निवडा, समुद्र संध्याकाळी आत गेलेला असतो. अष्टमी-नवमीला गेलात तर नेमकं सूर्यास्ताला पाणी सुरूच्या बनाकडे सरकलेलं असेल आणि चालायला पट्टा उरेल थोडासा. वाईट नाही, पण अपेक्षा वेगळी ठेवावी लागते.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा चढ-उतार कमी. उत्तरेकडे हा फरक जास्त, अलिबागच्या बाजूला उधाणाला चार मीटरच्या वर जातो, मालवण-वेंगुर्ल्याकडे निम्म्यावर येतो. म्हणूनच अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. तृतीया-चतुर्थीला ओहोटी सकाळी आठ-नऊला येते, जाऊन यायला सोयीची वेळ, मात्र निघताना घोडागाडीवाल्यांना किंवा किल्ल्यातल्या लोकांना "परत कधीपर्यंत यायचं" हे विचारूनच आत जा.

काही जागा ओहोटीच्या, काही भरतीच्या. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणेचा मार्ग खडकांवरून समुद्राला लागून जातो, तो फक्त ओहोटीला करायचा. भरतीला किंवा उधाणाच्या दिवसांत तिथे लाट माणसाला ओढून नेते, नेलेली आहेत, तिथे पाट्या उगाच लावलेल्या नाहीत. उलट हेदवीची बामणघळ ओहोटीला गेलात तर नुसती खडकातली भेग दिसेल, भरतीला लाट आत घुसून पाणी जोरात वर उसळतं ते बघण्यासारखं. पण लांब उभं राहून. ओल्या शेवाळलेल्या खडकावर फोटोसाठी पुढे जाऊ नका, एवढं माझं हात जोडून सांगणं आहे.

आणि गाडी वाळूत घालू नका. ओहोटीला वाळू कडक दिसते, इतर टायरचे ठसेही दिसतात, पण पाण्याच्या कडेला चाक एकदा रुतलं की भरती थांबत नाही. दर सीझनला कुणाची तरी गाडी बुडाल्याचे फोटो येतात. पायी चालणाऱ्यांना आणि अंडी घालायला वर येणाऱ्या कासवांनाही त्याचा त्रास आहे. गाडी सुरूच्या बनाच्या अलीकडे लावा, चार पावलं चाला.

राहणं आणि जेवण

पहिल्या ट्रिपला मोठ्या रिसॉर्टपेक्षा घरगुती सोय बघा. "घरगुती राहण्याची व जेवणाची सोय" अशा पाट्या गावोगावी आहेत, नारळी-पोफळीच्या वाडीत दोन-चार खोल्या बांधलेल्या असतात, मागच्या दाराने निघालं की पाच मिनिटांत समुद्र. फोन करताना हे विचारा: समुद्र चालत किती, गाडी दारापर्यंत येते का, गरम पाणी आहे का, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, जेवण शाकाहारी की मांसाहारी. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण हरिहरेश्वर, गणपतीपुळे, गुहागर इकडे बरीच घरं पूर्ण शाकाहारी आहेत, मासे खायचे म्हणून निघालेला माणूस तिथे हिरमुसतो. पण उकडीचे मोदक, वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, ताकातली कढी, हे जेवण कमी समजू नका.

मासे खाणाऱ्यांनी हर्णै, मुरुड, मालवण, वेंगुर्ला ही गावं धरून ठेवा. सुरमई आणि पापलेट सगळेच मागतात, त्यापेक्षा "आज ताजं काय आलंय?" असं विचारा, बांगडा, सौंदाळे, मांदेली, तिसऱ्या, खेकडे, जे असेल ते घ्या, स्वस्त आणि चवीला वर. जेवण आधी सांगावं लागतं हे लक्षात ठेवा. दुपारचं सकाळी नाश्त्याच्या वेळेला, रात्रीचं दुपारी चारपर्यंत. इथे डोकी मोजून तांदूळ पडतात, रात्री नऊला जाऊन "काय आहे" विचारलंत तर काहीच नसेल आणि त्यात त्या बाईची चूक नाही.

रोख पैसे ठेवा. पैसे मोबाइलने सगळीकडे घेतात पण रेंज गेली की घेता येत नाहीत, आणि किनाऱ्याच्या खालच्या गावांत रेंज हमखास जाते. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. पेट्रोल मोठ्या गावात आलात की भरा, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, अर्धी टाकी झाली की भरायचीच. सीएनजीवर अवलंबून राहू नका, आणि इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जिंग कुठे आहे हे निघायच्या आधी एकेक फोन करून पक्कं करा.

चार रात्रींचा नमुना, पुण्याहून

हा मी नवीन लोकांना नेहमी सुचवते, कारण यात तीन जंगल जेट्ट्या येतात, रोजचं ड्रायव्हिंग बेताचं आहे आणि किनारा दर दिवशी वेगळा आहे. मुंबईकरांनी पहिल्या दिवशी माणगावला येऊन मिळायचं, बाकी तेच.

पहिला दिवस. पहाटे निघा, ताम्हिणी घाट उतरून माणगाव, माणगावच्या नाक्यावर शनिवार-रविवारी गाड्या तुंबतात म्हणून पहाटेचा आग्रह. तिथून म्हसळा, बोर्ली पंचतन, दिवेआगर. दुपारी जेवून आडवे व्हा. संध्याकाळी किनारा, लांब आणि सरळ, सुरूचं बन मागे. आज अजून कुठे जायचं नाही.

दुसरा दिवस. दिवेआगरहून श्रीवर्धनला आतून जाऊ नका, आरावी-शेखाडीवरून किनाऱ्याचा रस्ता घ्या. महाराष्ट्रातल्या समुद्राकाठच्या रस्त्यांमध्ये मला हा सगळ्यात आवडतो, पाणी अगदी चाकाच्या बाजूला येतं, मध्ये छोट्या छोट्या खडकाळ पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, आहेत, माणसं कमी. सकाळी आठला निघालात तर ऊन पाठीमागे असतं आणि पाण्याचा रंग काय दिसतो. थांबत थांबत जा. श्रीवर्धनला चहा, मग हरिहरेश्वर, भरती असेल तर प्रदक्षिणा नाही, नुसतं देवळात दर्शन. बागमांडल्याहून फेरी, पलीकडे वेसवी. कासवांचा सीझन असेल तर इथूनच वेळासला वळा आणि मुक्काम तिथेच करा, पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, एका वेळेला न दिसली तर दुसरी संधी मिळते. घरट्यातून पिल्लं बाहेर आलीच पाहिजेत असं नाही, ती त्यांच्या वेळेनेच येतात, मुलांना हे आधी समजावून ठेवा. फ्लॅश नाही, टॉर्च नाही, दोरीच्या आत पाय नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथे २००२ पासून हे काम उभं केलं आणि आज गावातली घरं पाहुण्यांवर चालतात, म्हणून गावातच रहा, गावातच जेवा. सीझन नसेल तर पुढे केळशी किंवा आंजर्ल्याला मुक्काम. केळशीला वाळूची मोठी टेकडी आहे ती बघा, त्यावर चढून वाळू घसरवू नका.

तिसरा दिवस. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती सकाळी, वरून सुवर्णदुर्ग आणि खाली माडांची वाडी. मग हर्णै बंदर. मासळीचा लिलाव सकाळी आणि संध्याकाळी होतो, होड्या आल्या की टोपल्यांचे ढीग वाळूवर लागतात आणि बोली सुरू. बघायला जाताना चांगले बूट घालू नका, मध्ये उभे राहू नका, लोकांचा धंदा चाललेला असतो, फोटो काढायचा तर विचारून काढा, बहुतेक जणी हसून हो म्हणतात. मग मुरुड, कर्दे, लाडघर असा किनारा खाली खाली, यातला एकच निवडून तिथे निवांत बसा, तिन्ही ठिकाणी दहा-दहा मिनिटं उतरलात तर एकही लक्षात राहणार नाही. माझं मत कर्द्याला. दुपारनंतर दाभोळ, फेरी, धोपावे, आणि दिवस मावळायच्या आत गुहागर.

गुहागरबद्दल थोडं जास्त सांगते. व्याडेश्वराचं देऊळ, त्याला लागून गाव, दोन्ही बाजूला वाड्या, आणि मागे मैलोन् मैल किनारा, तरी गावात आरडाओरडा नाही. जमलं तर इथे दोन रात्री रहा आणि ट्रिप एका दिवसाने वाढवा. सकाळी लवकर उठून किनाऱ्यावर चाला, दुपारी झोपा, संध्याकाळी परत जा. समुद्राची सहल म्हणजे हीच.

चौथा दिवस. पालशेतवरून वेळणेश्वर, देऊळ आणि खाली किनारा, मग हेदवीचा दशभुज गणेश आणि बामणघळ. तिथीचा हिशोब इथे लावा, भरती दुपारी असेल तर आधी वेळणेश्वरला वेळ काढा आणि घळीवर नंतर जा. तवसाळहून फेरीने जयगड, मग मालगुंड. केशवसुतांचं हे जन्मगाव, त्यांचं स्मारक आहे, शाळेत कविता पाठ केलेल्या कुणालाही तिथे थांबावंसं वाटेल. मुक्काम मालगुंडलाच करा, गणपतीपुळे अगदी जवळ आहे आणि गर्दी तिथे जास्त. एक इशारा: गणपतीपुळ्याचा समुद्र देखणा आहे पण पोहायचा नाही. पाण्याला आतून ओढ आहे, वाळू पायाखालून सरकते, आणि दरवर्षी बाहेरून आलेली पोरं तिथे बुडतात. घोट्यापर्यंत पाय भिजवा, पुरे.

पाण्यात उतरायचा नियम सगळीकडे सारखाच ठेवा: आधी गावातल्या माणसाला विचारा, ओहोटी लागलेली असताना आत जाऊ नका, गुडघ्याच्या पुढे नाही, दारू पिऊन तर मुळीच नाही. जीवरक्षक प्रत्येक किनाऱ्यावर नसतात.

पाचवा दिवस. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला आरे-वारेचा रस्ता. चढ चढून वर आलात की खाली दोन्ही बाजूला पुळण दिसते, तिथे गाडी लावायला जागा आहे तिथेच लावा, वळणावर नको. रत्नागिरीत थिबा पॅलेस बघता येईल, ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून पुढे रत्नागिरीला आणून ठेवलं, हा वाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. टिळकांचं जन्मस्थानही शहरातच. जेवा आणि परतीला लागा.

रस्त्यावर

अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की तिला वाट द्यायची, तिचं वेळापत्रक आहे आणि आपलं नाही. चढावर येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या. वळणावर छोटा हॉर्न. कडेच्या लाल मातीत चाक उतरवताना जपून, पावसानंतर ती घसरते आणि बऱ्याच ठिकाणी खाली चर असतो. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ माळावर, दिवे नाहीत, गुरं रस्त्यात बसलेली असतात आणि उघड्यावर दिशाच कळत नाही. डिसेंबरमध्ये सहाला सूर्य मावळतो, म्हणजे पाचला मुक्कामी पोचायचा हिशोब ठेवा, तरच सूर्यास्त काचेतून न बघता वाळूवर बसून बघाल.

कुणाला गाडी लागत असेल तर पुढे बसवा, पोट भरून निघू नका, आलेपाक आणि लिंबू जवळ ठेवा. गाडीत एक जुनी चादर, पाण्याचा कॅन पाय धुवायला, कोरडे कपडे हाताशी, आणि कचऱ्याला एक मोठी पिशवी. बाटल्या, वेफर्सची पाकिटं किनाऱ्यावर टाकू नका. छोट्या गावात कचरा उचलायची सोय नसते, जे टाकाल ते भरतीला आत जातं आणि पुढच्या ओहोटीला शेजारच्या गावात येऊन पडतं. काचेची बाटली तर अजिबात नको, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला माणसं अनवाणी उतरतात.

पुढच्या वेळेला सिंधुदुर्ग

पहिली ट्रिप जमली की मग खालचा भाग घ्या. इकडे खाड्यांवर बहुतेक पूल झालेत, त्यामुळे फेरीची वाट बघणं नाही. विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण अशी उतरती वाट आहे. मालवणला निदान दोन रात्री ठेवा, एक सकाळ सिंधुदुर्ग किल्ल्याला, एक तारकर्ली-देवबागला, जिथे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. स्कूबा करायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पाणी त्यातल्या त्यात नितळ असतं, आणि दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यापुढे नेरूरपारचा पूल ओलांडून भोगवे, निवती, मग वेंगुर्ला, शिरोडा, जिथे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, आणि रेडी. रेडीच्या पुढे तेरेखोल, म्हणजे तुम्ही गोव्यात, आणि तिथून फेरीने केरी. किनाऱ्याने गोव्याला जाणं हे असं.

परतीचा घाट

परतीचं आधीच ठरवा, नाहीतर शेवटच्या दिवशी गाडीत भांडणं होतात. रत्नागिरीहून कोल्हापूरला हातखंब्यावरून आंबा घाट. पुण्याला चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून पाटण, मग हायवे, किंवा कोल्हापूरवरून, लांब पडतं पण रस्ता बरा. मुंबईला हायवेनेच, आणि रविवारी दुपारी निघण्यापेक्षा सोमवारी पहाटे निघालेलं परवडतं, सुट्टी एक दिवस जास्त टाका. सिंधुदुर्गातून येत असाल तर फोंडा, करूळ, भुईबावडा आणि आंबोली हे घाट आहेत, यातला एखादा दुरुस्तीला किंवा दरडीमुळे बंद असतो असं पुष्कळदा होतं, म्हणून निघायच्या आदल्या रात्री जिथे राहिलात त्या घरातल्यांनाच विचारा, त्यांना आज कुठला चालू आहे ते पक्कं माहीत असतं, आणि सीझन असेल तर त्यांच्याकडूनच एक आंब्याची पेटी किंवा कोकमाची पिशवी घ्या, वाटेतल्या दुकानापेक्षा माल चांगला मिळतो.